रौप्यमहोत्सव रुळांवर: गोव्यातून आलिशान रेल्वेसफर आखताना

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हटल्यावर मुलांनी म्हापशात हॉल बघायला घेतला. दोनशे माणसं, बुफे, ऑर्केस्ट्रा. आम्हा दोघांना त्यातलं काहीच नको होतं. नवऱ्याला आगगाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. आजोळ घाटाच्या पायथ्याशी कुळ्याला, सुट्टीभर स्टेशनवर बसून मालगाडीचे डबे मोजायचे, हाच त्याचा खेळ. शेवटी ठरलं की हॉलचे पैसे आलिशान रेल्वेसफरीत घालायचे. त्यानंतरचे सात-आठ महिने मी फोन, ईमेल आणि वहीतले हिशेब यांत काढले. दोन चुका महागात पडल्या, एक थोडक्यात टळली. तुमच्या वाट्याला त्या येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. आम्ही नेमक्या कोणत्या गाडीने गेलो ते सांगत नाही, नाहीतर सगळी जाहिरात वाटायची.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या गाड्या कुठे पोचण्यासाठी नसतात. बहुतेक रात्री धावतात, दिवसा स्टेशनावर उभ्या राहतात आणि तुम्हाला बसमधून हिंडवून आणतात. तेव्हा निवड करताना झुंबरं आणि पडदे बघू नका. रात्री किती, दिवसा काय दाखवणार आणि तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार का, हे बघा.

१. आधी तारीख. पण कुठली?

आपल्याकडे लग्नाला दोन तारखा असतात, हे गोव्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. एक रजिस्ट्रारकडे सह्या केल्याची, दुसरी मांडवातली. आमच्या सह्या जानेवारीतल्या, लग्न मे महिन्यातलं. वाढदिवसाची काही सवलत किंवा सजावट मिळावी म्हणून एजंटने दाखला मागितला, तर त्यावर जानेवारी! मग अर्धा तास फोनवर गोव्याच्या नागरी कायद्याचं प्रवचन. तुम्ही पहिल्याच ईमेलमध्ये दोन्ही तारखा लिहून टाका.

दुसरी अडचण खरी मोठी. या गाड्यांचा हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल. आणि आपली निम्मी लग्नं मे महिन्यात, फणस-आंब्याच्या दिवसांत. तुमची तारीख मे ते ऑगस्टमध्ये पडत असेल तर त्या दिवशी गाडी मिळणार नाही, हे आधीच मान्य करा. आम्ही अलीकडचा फेब्रुवारी बघत होतो, पण सासूबाईंनी मोडता घातला: वाढदिवस पुढे ढकललेला चालतो, आधी केलेला चालत नाही. म्हणून डिसेंबर उजाडला. सुरुवातीचा डिसेंबर धरा. नाताळच्या आठवड्यात मुंबई, गोवा, बंगळूर तिन्हीकडचे हॉटेल आणि विमानाचे दर आभाळाला भिडतात.

२. नकाशा पसरून गाडी निवडा

गोव्यात राहणाऱ्याने चार नावं माहीत करून घेतली की पुरे.

डेक्कन ओडिसी. महाराष्ट्र पर्यटन आणि रेल्वेने मिळून २००४ साली सुरू केलेली निळी गाडी. कोविडच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा रुळावर आली. तिचे मार्ग बरेच आहेत. त्यातला महाराष्ट्राचा मार्ग मुंबईहून निघून नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा आणि कोकण असा फिरून मुंबईला परततो. सात रात्री.

गोल्डन चॅरियट. कर्नाटक पर्यटनाने २००८ मध्ये सुरू केली, आता आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेची पर्यटन कंपनी, चालवते. नाव हम्पीच्या दगडी रथावरून आलं. ‘प्राइड ऑफ कर्नाटक’ हा पाच रात्रींचा मार्ग बंगळूरहून निघून बंदीपूर, म्हैसूर, हळेबीड, चिक्कमगळूर, हम्पी आणि गोवा करतो. तिच्या डब्यांना राजघराण्यांची नावं आहेत आणि त्यांत एक कदंब आहे. जन्मभर गोवा सरकारच्या कदंबा बसमध्ये उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला कदंब डब्यात पलंग मिळाला तर त्याने फोटो काढायलाच हवा.

पॅलेस ऑन व्हील्स. यांतली सगळ्यांत जुनी, २६ जानेवारी १९८२ पासूनची. दिल्लीहून निघते, जयपूर, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर, आग्रा अशा सात रात्री.

महाराजाज एक्स्प्रेस. आयआरसीटीसीची, २०१० पासून. चौघींत सगळ्यांत खर्चिक. तिचा ‘नवरत्न’ सूट म्हणजे अख्खा एक डबा. मार्ग मुख्यतः राजस्थान आणि आग्र्याकडचे.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने सात रात्रींच्या मागे लागू नये. चौथ्या रात्रीनंतर रोज सकाळी उठून हार घालून घ्यायचा, बसमध्ये बसायचं, गाइडच्या छत्रीमागे चालायचं, याचा थोडा कंटाळा येतोच. पाच रात्री छान.

गोव्याला येणाऱ्या पहिल्या दोन गाड्यांत एक गंमत आहे. कोल्हापूरहून असो की हम्पीहून, गाडी लोंढ्यावरून कॅसलरॉकला येते आणि ब्रागांझा घाट उतरून कुळ्याला पोचते. १:३७ चा चढ (३७ मीटर गेलं की एक मीटर वर), चढताना मागून ढकलायला जादा इंजिनं, आणि मधे ३१० मीटरचा दूधसागर धबधबा. पण हा टप्पा दिवसा असतो की मध्यरात्री, ते माहितीपत्रकात नसतं. बुकिंगआधी लेखी विचारा. दूधसागर काळोखात गेला तर नवरा किती वेळ गप्प बसतो, याचा अनुभव मला आहे.

*एवढा खर्च झेपणारा नसेल तर:* यात कमीपणा काही नाही. मडगाव–मुंबई जनशताब्दीला २०१७ पासून विस्टाडोमचा डबा आहे. काचेचं छत, मोठाल्या खिडक्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल आणि साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा त्यातून बघायचा. मे-जूनमध्ये तारीख येणाऱ्यांसाठी तर हाच मार्ग. पहिल्या पावसानंतर निघा आणि मुंबईत दोन रात्री चांगल्या हॉटेलात काढा. आमच्या जावेने असंच केलं आणि ती आमच्यापेक्षा जास्त खूश होती. फक्त कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं की गाड्या सावकाश धावतात, वेळा बदलतात, तेवढं बघून घ्या.

३. केबिन: पलंग एक की दोन?

आमची पहिली महागडी चूक इथली. ‘दोघांची केबिन’ म्हटल्यावर मी पैसे भरले. नंतर कळलं की ती ट्विन होती, म्हणजे मधे फूटभर बोळ आणि दोन्हीकडे एकेक खाट. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला! बदलून घेईपर्यंत वरचे पैसे गेले.

डबल बेडच्या केबिन कमी असतात. गोल्डन चॅरियटमध्ये ४४ पैकी ३० ट्विन, १३ डबल आणि एक दिव्यांगांसाठी. डेक्कन ओडिसीत ४० डीलक्स केबिन आणि चार मोठे सूट. तेव्हा हे चार प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा:

- पलंग डबल की ट्विन? केबिन नंबर कोणता?
- केबिन डब्याच्या मधोमध की चाकांवर? (मधोमध घ्या. टोकाच्या केबिनला धक्के जास्त.)
- जनरेटरचा डबा आणि भोजनाचा डबा किती लांब? जनरेटरपासून दूर राहा. भोजनाचा डबा मात्र जवळ हवा, कारण चालत्या गाडीत सात डबे ओलांडून नाश्त्याला जाणं साडी नेसलेल्या बाईला विचारून बघा.
- न्हाणीघरात धरायला दांडा आहे का?

४. खर्च मांडताना

दर प्रत्येक हंगामात बदलतात म्हणून आकडे देत नाही, मांडणी देते. जाहिरातीतला दर जवळजवळ नेहमी माणशी असतो, दोघांनी एक केबिन वाटून घेतली तर. तो केबिनचा समजून मी मुलांना ‘अगदी आवाक्यातलं आहे’ असं सांगून बसले होते. ही दुसरी चूक. वहीत असं लिहा:

माणशी दर × २, अधिक जीएसटी, अधिक गोव्याहून चढायच्या स्टेशनापर्यंत जाणं-येणं, अधिक आदली एक रात्र आणि शक्यतो नंतरची एक रात्र हॉटेल, अधिक बक्षिसी, अधिक बार, स्पा, कपडे धुणं असली जादा बिलं, अधिक खरेदी. शेवटची बाब म्हैसुरात साडीच्या दुकानासमोर बस थांबते तेव्हा कळते.

जेवण, फिरणं, गाइड, प्रवेश तिकिटं बहुतेक दरात धरलेली असतात, पण ‘बहुतेक’वर विसंबू नका. दारूचं काय, कोणती फुकट आणि कोणती विकत, हे वेगळं विचारा. मार्ग गुजरातेतून जाणारा असेल तर तिथे दारूबंदी आहे, बारचा भरवसा धरू नका. आणि गोव्यातून स्वस्त पडते म्हणून बॅगेत बाटल्या भरून नेऊ नका. परवान्याशिवाय राज्याबाहेर नेणं हा गुन्हा आहे, गाडी कितीही आलिशान असली तरी.

रोख पैशांचंही ऐका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. ‘रोख द्या, कर वाचेल’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच नमस्कार करा.

५. कागदपत्रं

- दोघांची मूळ ओळखपत्रं (आधार, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड) आणि प्रती
- पॅन कार्ड
- बुकिंगची पुष्टी, पैसे भरल्याच्या पावत्या, रद्द करण्याच्या अटींचं पान, सगळं छापून
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची यादी
- प्रवास विम्याची पॉलिसी, घेतली असेल तर

यादी साधी दिसते, पण गोंयकारांच्या कागदांत नावं कधी सरळ असतात? माझ्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर शाळेतलं, आणि सासरी नाव बदललेलं म्हणून पासपोर्टवर तिसरंच. ज्या ओळखपत्राने प्रवास करणार त्यावरचं नाव अक्षरशः तसंच बुकिंगमध्ये द्या. लाडाचं नाव, सासरचं नाव काही नको.

दोघांपैकी एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. भारतीय आणि परदेशी पाहुण्यांचे दर काही ठिकाणी वेगळे असतात. ते निघायच्या आदल्या आठवड्यात उघडकीला आलं तर फरक तुम्हीच भराल.

६. बुकिंग करताना

गाडी चालवणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुरू करा. सारख्या नावांची, सारख्या फोटोंची पुष्कळ स्थळं आहेत. काही खऱ्या एजंटांची, काही कुणाची देव जाणे. एजंट घ्यायचाच तर संस्थेला फोन करून विचारा, हा तुमचा अधिकृत आहे का. आमचा एजंट अधिकृत होता, तरी पावती द्यायला त्याने तीन आठवडे लावले. पैसे नेहमी कंपनीच्या खात्यात भरा, माणसाच्या नव्हे.

टळलेली चूक इथली. अटींच्या बारीक अक्षरांत असतं की पुरेसे प्रवासी न मिळाल्यास फेरी रद्द करण्याचा किंवा मार्ग बदलण्याचा हक्क चालवणाऱ्याला आहे. गाडीचे पैसे परत मिळतात, पण तुम्ही काढलेल्या विमान तिकिटांचे कोण देणार? आम्ही परतावा मिळणारी तिकिटं काढली होती, ती मुलाच्या हट्टामुळे. तुम्हीही तशीच काढा.

साधारण क्रम असा ठेवा: सहा-आठ महिने आधी चौकशी आणि केबिन पक्की, हप्त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात. दोन महिने आधी जोड गाडीचं आरक्षण, कारण रेल्वेचं साधं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. एक महिना आधी जेवण आणि वाढदिवसाबद्दलचा ईमेल.

७. चढायच्या स्टेशनापर्यंत

आदल्या दिवशी पोचा. यावर वाद नको. कोकणकन्या सकाळी मुंबईत पोचते आणि आलिशान गाडी त्यानंतर निघते, मग हॉटेल कशाला, असं नवरा म्हणत होता. कोकण रेल्वे बरीचशी एकेरी मार्गाची आहे. एक मालगाडी अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. तुमच्यासाठी कोणी थांबणार नाही.

बंगळूरला वास्कोहून रेल्वेने किंवा दाबोळी-मोपाहून विमानाने. दिल्लीच्या गाड्यांना जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: या गाड्या सहसा सफदरजंग रेल्वे स्टेशनावरून निघतात. गोव्याहून जाणारी गाडी तुम्हाला निजामुद्दीनला सोडते, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘सफदरजंग’ सांगितलंत तर तो हॉस्पिटलला नेईल.

८. सामान

मऊ बॅगा. कडक सुटकेस केबिनमध्ये उघडायला जागा नसते. एक चांगली साडी आणि कोट रात्रीच्या जेवणासाठी, बाकी सुती कपडे. देवळं-चर्चसाठी खांदे झाकणारं काहीतरी. सपाट चपला. गाडी लागत असेल तर गोळ्या.

९. गाडीतला वाढदिवस

लेकीने बॅगेत पंचवीस मेणबत्त्या दिल्या होत्या. मी त्या घरीच काढून ठेवल्या. रेल्वेत ज्वाळा पेटवायची नसते. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, निरांजनही नाही. बॅटरीवरच्या मेणबत्त्या मिळतात, त्या न्या. ओवाळायचंच असेल तर थांब्याच्या गावातल्या देवळात किंवा हॉटेलात ओवाळा.

केकबद्दल महिनाभर आधी लिहा: अंडं चालेल की नाही, वर काय लिहायचं, कोणत्या रात्री. ‘वाढदिवस’ म्हणून नुसतं कळवलंत तर बर्थडेचा केक येण्याची शक्यता आहे, म्हणून ‘लग्नाचा’ हे ठळक लिहा. आम्ही सोबत बेबिंक, म्हणजे आपला थराथरांचा गोड केक, नेलं होतं, ते फ्रीजशिवाय काही दिवस टिकतं. बाहेरचे पदार्थ चालतात का ते विचारून घेतलं होतं. शेजारच्या केबिनमधल्या ऑस्ट्रेलियन जोडप्याने थर मोजत मोजत खाल्लं.

सोमवारी किंवा संकष्टीला शिवराक (शाकाहारी) खाणाऱ्यांनी ते वार-तिथीसह लिहून द्यावं. नुसतं ‘व्हेज’ लिहिलं की आठवडाभर पनीरच.

१०. गोव्याचा दिवस

आता मूळ प्रश्न, जो सगळ्या शेजाऱ्यांनी विचारला: गोव्यातून उठून मुंबईला जायचं, लाखो रुपये भरायचे आणि गोवा बघायला यायचं? हो. आणि आमचा सगळ्यांत मजेचा दिवस तोच.

ठरलेल्या फेरीत सहसा जुनं गोवें असतं, बासिलिका आणि से कॅथेड्रल ही चर्चं. कधी फोंड्याकडचं देऊळ, कधी मसाल्याची बाग. आम्ही शाळेच्या सहलीत बघितलेलं. तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. फेरीबरोबर जा आणि गाइड काय सांगतो ते तोंड बंद ठेवून ऐका. गाडीतच लोळा, त्या दिवशी डबा रिकामा आणि शांत असतो. किंवा घरी जा.

सासूबाईंचा निरोप आधीच आला होता: “घरा येवन जेवल्याबगर वचपाचें ना.” (घरी येऊन जेवल्याशिवाय जायचं नाही.) त्यामुळे आम्हाला निवड नव्हती. घरी जायचं असेल तर एवढं करा:

- गाडी मडगावला थांबणार की करमळीला, ते आठवडाभर आधी पक्कं करा. करमळी जुन्या गोव्याला लागून आहे; म्हापसा-पणजीकरांना ती सोयीची.
- फेरी सोडून जाणार हे गाडीच्या मॅनेजरला आदल्या रात्री लिहून द्या, मोबाइल नंबरसह. परत यायची वेळ त्याच्याकडून लिहून घ्या.
- गाडी भावाची किंवा ओळखीच्या टॅक्सीवाल्याची, आधी सांगून ठेवलेली. स्टेशनवर उतरून टॅक्सी शोधू नका. गोव्यातल्या टॅक्सीचं तुम्हाला मी काय सांगणार!
- नातेवाइकांना ‘या, गाडी आतून बघा’ असं कबूल करू नका. पाहुण्याखेरीज कुणाला डब्यात घेत नाहीत. माझा भाचा प्लॅटफॉर्मवर हिरमुसला उभा होता. शेवटी मॅनेजरने परवानगी देऊन दारातून एक फोटो काढू दिला.
- गोव्यातच कायमचं उतरून पुढची रात्र सोडायची असेल तर तेही लेखी कळवा. उरलेल्या रात्रीचे पैसे परत मिळत नाहीत.

जेवायला हुमण (माशांची आमटी), तळलेलं विसवण (सुरमई), सोलकढी. पाच दिवस चांदीच्या काट्याचमच्यांनी खाल्ल्यावर हाताने भात कालवला तेव्हाही नवरा काही बोलला नाही, पण हा गप्पपणा समाधानाचा होता. (दूधसागराचा राग गेला होता.) निघताना सासूबाईंनी अबोलीच्या फाती (गजरे) दिल्या, माझ्यासाठी एक आणि त्या ऑस्ट्रेलियन बाईसाठी एक. वाटेत पर्वरीला वाहनांची रांग लागली आणि आम्ही गाडी सुटायच्या बारा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर पोचलो. तुम्ही तासभर हाताशी ठेवा.